घरी साधा, चवदार स्ट्यू: खानदेशातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात मटणाची भाजी म्हटली की काळा मसाला आणि वर तेलाचा लाल तवंग ठरलेलाच. तो रस्सा मलाही मनापासून आवडतो. पण मांसाची स्वतःची चव काय असते, हाडातून उतरलेला रस कसा लागतो, हे कळायचं असेल तर बीफचा स्ट्यू करून बघावा. साहित्य थोडं, मसाला त्याहून थोडा आणि वेळ मात्र भरपूर, एवढाच त्याचा हिशेब. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून तो उत्तम होतो. याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे देत आहे.

आपल्या रश्श्यात आणि स्ट्यूमध्ये फरक काय?

रश्श्याची चव वाटणातून येते. कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, वाटायचं, तेलात परतायचं आणि त्यात मांस शिजवायचं. मांस वाईट असलं तरी चांगलं वाटण वेळ मारून नेतं. स्ट्यूमध्ये लपायला जागा नाही. मांस, हाड, कांदा, थोडे खडे मसाले आणि पाणी. हे सगळं मंद आचेवर इतका वेळ ठेवायचं की पाण्याचाच दाट, किंचित चिकट रस व्हावा.

हा प्रकार खानदेशाला परका नाही. 1860च्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे भुसावळला आली आणि गाव मोठं जंक्शन झालं. रेल्वेच्या वसाहतींत अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती कुटुंबं राहिली, त्यांच्याकडे बटाटा-गाजर घातलेला, मिऱ्याच्या चवीचा स्ट्यू. मुसलमान घरांत ‘इश्टू’ होतो. त्यात कांदा भरपूर, अख्ख्या लाल मिरच्या आणि कधी दही. खाली दिलेली पद्धत या दोन्हींच्या मधली आहे.

बीफ म्हणजे नक्की कोणतं मांस? महाराष्ट्रात ते चालतं का?

इथे सगळीकडे म्हशीचं मांस गृहीत धरलं आहे. बाजारात त्याला ‘बडे का’ किंवा ‘मोठ्याचं’ म्हणतात. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर 1976च्या कायद्यानेच बंदी होती. 2015 मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने वळू आणि बैल हेही त्या बंदीत आले. म्हैस त्या बंदीत नाही, मात्र कत्तलीआधी सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून परवाना असलेल्या, ओळखीच्या दुकानातूनच घ्यावं आणि काय घेतो आहोत ते विचारून घ्यावं.

घरात मोठ्याचं चालत नसेल तर बोकडाचं मटण घ्या. पद्धत तीच, फक्त वेळ कमी लागतो. तो पुढे जिथल्या तिथे सांगितला आहे.

कसायाकडे नेमकं काय मागायचं?

अर्धा स्ट्यू इथेच ठरतो, म्हणून हे उत्तर जरा लांब आहे.

‘एकदम मऊ, बिनहाडाचं द्या’ असं सांगून घेतलेलं मांस स्ट्यूसाठी सर्वांत निरुपयोगी. जनावर जो भाग कमी वापरतं, तो मऊ असतो; तो पटकन शिजतो आणि जास्त वेळ ठेवला की कोरडा, तंतुमय होतो. स्ट्यूला हवेत ते राबलेले भाग. पायाची पोटरी (बरेच कसाई तिला ‘बोंग’ म्हणतात), पुढचा पाय म्हणजे दस्ती, गर्दन आणि सीना. या भागांत मांसाच्या मधून पांढऱ्या, चिवट शिरा आणि पडदे जातात. त्यांच्यात कोलाजन नावाचं प्रथिन असतं. ओल्या उष्णतेत बराच वेळ राहिलं की ते विरघळतं, त्याचं जिलेटिन होतं आणि रसाला अंगचा दाटपणा येतो. बोट चिकटावं असा जो रस असतो, तो याच शिरांचा. तेव्हा कसाई त्या काढून टाकायला लागला तर त्याला थांबवा. वरचा जाड, चकचकीत, चामड्यासारखा पडदा तेवढा काढू द्या. तो शेवटपर्यंत विरघळत नाही.

एक किलोत साधारण 700 ग्रॅम मांस आणि 300 ग्रॅम हाड असं सांगा. हाडांत एक-दोन नळ्या असाव्यात, आतला मगज रसात उतरतो. तुकडे मोठे करून घ्या, दीड-दोन इंचांचे. रश्श्यासाठी कापतात तसे लहान तुकडे तीन तासांत विरून जातात आणि ताटात फक्त दोरे येतात.

ताजेपणा कसा बघायचा? म्हशीचं मांस मुळातच गडद लाल असतं, बोकडापेक्षा बरंच गडद. त्या रंगाला घाबरू नका. चरबी पांढरीशुभ्र असावी. बोटाने दाबलं तर खड्डा लगेच भरून यावा, हाताला बुळबुळीत लागू नये आणि आंबूस वास नको. सकाळी लवकर जा. एप्रिल-मे मध्ये तर नऊनंतर उघड्यावर टांगलेलं मांस घेऊच नका, मग दुकान कितीही ओळखीचं असो.

पाच-सहा जणांसाठी काय काय लागेल?

हाडासह एक किलो मांस. चार मध्यम कांदे, जाड उभे चिरलेले. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं. तीन-चार हिरव्या मिरच्या, मधून चिरलेल्या. एक मोठा टोमॅटो. तीन बटाटे, दोन-तीन गाजरं. खडा मसाला: पंधराएक काळे मिरे, चार लवंगा, दोन इंच दालचिनी, एक मसाला वेलची, दोन तेजपानं. चार चमचे शेंगदाण्याचं तेल. एक मोठा चमचा ज्वारीचं पीठ. मीठ, अर्धं लिंबू, मूठभर कोथिंबीर. पाणी सव्वा ते दीड लिटर, आणि ते गरम हवं.

हळद पाव चमचा घातली तर चालते, नाही घातली तरी काही अडत नाही. मी घालत नाही, कारण रसाचा तपकिरी रंग मला तसाच आवडतो.

करायचं कसं?

मांस फ्रिजमध्ये असेल तर अर्धा तास आधी बाहेर काढा आणि पाणी पूर्ण टिपून घ्या. वरून एक चमचा मीठ लावा. जाड बुडाचं पातेलं किंवा लोखंडी कढई चांगली तापवा, तेल घाला आणि तुकडे थोडे थोडे करून सगळ्या बाजूंनी तपकिरी करा. काढून ठेवा.

त्याच तेलात खडा मसाला टाका, लगेच कांदा. कांदा मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं परता; तो मऊ आणि सोनेरी व्हायला हवा, बिर्याणीसारखा करकरीत तपकिरी नको. ठेचलेलं आलं-लसूण आणि मिरच्या घाला. वास सुटला की ज्वारीचं पीठ भुरभुरवा आणि दोन मिनिटं परता, म्हणजे कच्चेपणा जातो. मग टोमॅटो. तो गळाला की कपभर गरम पाणी ओता आणि उलथन्याने तळ खरवडून काढा.

मांस आणि त्याला सुटलेलं पाणी परत घाला, उरलेलं गरम पाणी घाला. पहिली उकळी आली की वर करडा फेस येतो, तो डावाने काढून टाका. आता आच अगदी बारीक. झाकण थोडं तिरकं ठेवा. रसाच्या पृष्ठभागावर एखाद-दुसरा बुडबुडा सावकाश यावा, एवढीच उकळी. म्हशीच्या मांसाला अडीच ते साडेतीन तास, बोकडाला सव्वा ते पावणेदोन तास. अर्ध्या-पाऊण तासाने एकदा हलवा, पाणी फार आटलं तर गरम पाणीच घाला.

मांस जवळजवळ शिजलं की गाजर आणि बटाटे घाला, अजून 25 ते 30 मिनिटं. मीठ शेवटी चाखून ठरवा, कारण रस आटतो तसा खारटपणा वाढतो. गॅस बंद करून लिंबू पिळा, कोथिंबीर घाला आणि पंधरा मिनिटं झाकून तसंच राहू द्या.

मांस आधी तपकिरी करणं खरंच गरजेचं आहे का? सगळं एकदम टाकून शिजवलं तर?

शिजेल, पोटही भरेल, पण चव अर्धीच येईल.

मांसाचा पृष्ठभाग साधारण 140 अंश सेल्सियसच्या वर तापला की त्यातली प्रथिनं आणि शर्करा यांच्यातून नवे वास, नवी चव आणि तो तपकिरी रंग तयार होतो. उकळतं पाणी 100 अंशांच्या वर जात नाही. म्हणजे पाण्यात तुम्ही चार तास शिजवलं तरी ही चव येणार नाही. ती पाणी घालण्याआधीच कमवावी लागते. वाटणातलं खोबरं भाजल्याशिवाय रश्श्याला चव येत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. इथे भाजायचं ते मांस.

आता हे करताना नेमकं काय बघायचं ते सांगते. तुकडा कढईत ठेवला की चर्र असा जोरात आवाज यायला हवा. नुसती फसफस ऐकू आली, कडेने राखाडी पाणी जमू लागलं, तर तेल तापलं नव्हतं किंवा तुकडे जास्त झाले. किलोभर मांस तीन वेळा करून परतावं. तुकडा ठेवल्यावर त्याला हात लावू नका. सुरुवातीला तो तळाला घट्ट चिकटतो. लगेच उचलायला गेलात तर फाटतो. दीड-दोन मिनिटांनी खालचा भाग भाजून कोरडा झाला की तो आपणहून सुटतो, उलथन्याच्या टोकाने सहज सरकतो. तेव्हाच उलटा. खालची बाजू भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाची दिसली की जमलं.

तळाला जी तपकिरी खरवड धरते तिला जपा. ती काळी पडायला लागली तर लगेच आच कमी करा किंवा दोन चमचे पाणी शिंपडा. पुढे कांद्याचा ओलावा आणि टोमॅटोचा आंबटपणा तिला सोडवतो आणि ती सगळी रसात मिसळते. नॉनस्टिक भांड्यात ही खरवड नीट धरत नाही, म्हणून या कामाला लोखंड किंवा जाड स्टील बरं.

कुकरमध्ये नाही का होणार?

होतो की. रोजच्या धावपळीत तीन तास गॅसजवळ कोण थांबणार? कुकरमध्ये दाबामुळे तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे शिरा लवकर विरघळतात. मांस आणि कांदा परतण्याचं सगळं काम कुकरच्याच भांड्यात करा. पाणी कमी घाला, तीन कप पुरे, कारण वाफ बाहेर जात नाही. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग आच एकदम बारीक करून म्हशीच्या मांसाला 35 ते 45 मिनिटं, बोकडाला 15 ते 20. शिट्ट्या मोजत बसू नका, घड्याळ बघा. प्रत्येक कुकर वेगळ्या वेगाने शिट्ट्या देतो.

दाब आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की आतला रस खळाखळा उकळतो आणि मांस घट्ट होतं. झाकण उघडल्यावर बटाटे-गाजर घाला आणि झाकण न लावता, मंद आचेवर अर्धा तास ठेवा. हा शेवटचा अर्धा तास टाळू नका. कुकरमधला पातळ रस याच वेळात एकजीव होतो.

चव कोणाची सरस? निवांत रविवार असेल तर मी पातेलंच चढवते.

दोन तास झाले तरी मांस चिवटच आहे. काय चुकलं?

बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं, अजून वेळ हवा असतो. मधल्या टप्प्यावर मांस कच्च्याहूनही कडक लागतं, कारण तंतू आकसलेले असतात आणि शिरा अजून विरघळलेल्या नसतात. बरेच जण नेमके इथेच हिंमत सोडतात आणि आच मोठी करतात. त्याने उलट होतं. जोराच्या उकळीत तंतू पिळले जातात आणि मांस कोरडं पडतं. आच बारीकच ठेवा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने बघा.

बघायचं असं: एक तुकडा ताटलीत काढा आणि चमच्याच्या कडेने दाबा. सुरीने नाही, चमच्यानेच. तंतू आपोआप वेगळे झाले आणि मधली शीर पारदर्शक, थरथरती दिसली, तर झालं. शीर अजून पांढरी आणि रबरासारखी असेल तर आणखी वेळ द्या. म्हातारी, बरीच वर्षं दूध दिलेली म्हैस असेल तर चार तासही लागतात.

लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावू का?

या पदार्थाला नको. पपईतला पपेन मांसाचं प्रथिन तोडतो, पण काम बरंचसं पृष्ठभागावरच करतो. कबाबाला ते छान. तीन तास शिजणाऱ्या तुकड्याला मात्र बाहेरून लगदा आणि आतून तसाच चिवट, अशी अवस्था येते. सोडा तर अजिबात नको, चवीला साबणासारखा लागतो.

काळा मसाला घातल्याशिवाय आमच्या घरात कोणी खाणार नाही. घालू का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो, आणि तो रास्त आहे. उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला कुटून बरण्या भरणाऱ्या घरात बिनमसाल्याचं मांस म्हणजे आजारी माणसाचं जेवण वाटतं. पहिल्या वेळी तरी न घालता करा, एवढी माझी विनंती आहे. मिरे, लवंग, दालचिनी यांची चव मांसाच्या मागे उभी राहते. काळ्या मसाल्यातलं भाजलेलं खोबरं, धने आणि दगडफूल हे सगळे पुढे येतात आणि मग तुमच्या तीन तासांच्या रसाची चव कोणाला कळतच नाही.

तरीही हवाच असेल, तर पातेल्यात नको, ताटात घ्या. एका छोट्या कढईत दोन चमचे शेंगदाण्याचं तेल गरम करा, गॅस बंद करा, त्यात पाऊण चमचा काळा मसाला आणि अर्धा चमचा लाल तिखट घाला आणि लगेच चमचाभर रस ओता, म्हणजे करपणार नाही. ही फोडणी वाटीत वेगळी ठेवा. ज्याला हवी तो वरून घेईल. घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं एकाच पातेल्यातून जेवतात, हा याचा मोठा फायदा.

तिखटपणा वेगळ्या तऱ्हेनेही वाढवता येतो. नंदुरबार ही लाल मिरचीची मोठी बाजारपेठ. तिथल्या सुक्या मिरच्या अख्ख्याच, देठासकट, पाणी घालतानाच टाका. चार-पाच पुरतात. मिरची फुटली नाही तर सौम्य ऊब येते, आणि ज्याला झणझणीत हवं तो आपल्या ताटात ती चुरडून घेतो.

बटाटा-गाजर सोडून आणखी कोणत्या भाज्या?

हिवाळ्यात बाजारात लाल गाजर येतं, ते गोड असतं पण लवकर मऊ पडतं. शेवटची पंधरा मिनिटं पुरे. मटार, फरसबी, छोटे अख्खे कांदे, शलगम मिळाला तर शलगम. फ्लॉवर मी टाळते, त्याचा वास सगळ्या रसाला लागतो. वांगं नको, विरघळून जातं. आपलं भरिताचं हिरवं वांगं तर भरितालाच ठेवा.

आणि एक सुचवते: बटाट्याऐवजी कच्ची केळी. यावल-रावेरच्या पट्ट्यात केळी घराघरात असते. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पूर्ण हिरवी, कडक केळी घ्या, तेल लावलेल्या हाताने सोला म्हणजे चीक चिकटत नाही, जाड गोल काप करा आणि शेवटची बारा-पंधरा मिनिटं रसात सोडा. बटाट्यापेक्षा घट्ट राहते, रस छान धरते आणि वर तिचा पिठूळपणा रसाला थोडा दाट करतो. पिवळेपणाकडे झुकलेली केळी मात्र गोडसर लागते, ती घेऊ नका.

रस पातळ राहिला तर?

झाकण काढून वीस मिनिटं आटवा. घाई असेल तर दोन बटाटे रसातच कुस्करा. शेंगदाण्याचा कूट घालायचा मोह होईल, आपल्याकडे तो सगळ्यात पडतो, इथे आवरा. कूट घातला की तो रस्सा झाला, चांगलाच झाला, पण स्ट्यू राहिला नाही.

मांसाला उग्र वास येतो. तो कसा घालवायचा?

ताज्या मांसाला उग्र वास येत नाही. आला तर आधी दुकान बदला. थोडा वास चरबीचा असतो, तेव्हा जास्तीची चरबी काढून टाका. पहिला फेस नीट काढा आणि सुरुवातीची दहा मिनिटं झाकण उघडं ठेवा. परतताना आल्याचे जाडे काप आणि मसाला वेलची यांनीही बराच फरक पडतो. मांस हळद-मिठाच्या पाण्यात तासन्‌तास भिजवून ठेवण्याने रसच बाहेर जातो, वास तसाच राहतो.

धुवायचंच असेल तर बारीक धारेखाली पटकन, आणि नंतर सिंक, ओटा, सुरी, पाट सगळं साबणाने धुवा. कच्च्या मांसाचे शिंतोडे कोशिंबिरीवर उडाले तर आजाराला तेवढं पुरतं.

मीठ जास्त झालं!

गरम पाणी आणि आणखी एखादा बटाटा घाला, थोडा वेळ शिजवा. पाण्यामुळे खारटपणा कमी होतो. बटाट्याने मीठ ‘शोषून’ जाण्यावर फार भरवसा ठेवू नका. शेवटी लिंबू थोडं जास्त पिळा.

कशाबरोबर खायचं?

दादरच्या भाकरीबरोबर. दादर ही आपल्याकडची रब्बीची ज्वारी, तिची भाकर मऊ आणि गोडसर होते, आणि गरम रसात चुरली की तिला तोड नाही. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली, तीही चालते. पण तिच्या पिठात मीठ असतं, तेव्हा रसात मीठ बेताने. बेकरीचा पाव तव्यावर कोरडाच शेकून घेतला तर मुलांना आवडतो. भात असेल तर साधा, मोकळा. सोबत चिरलेला कांदा, लिंबू, मुळा. ठेचा मी ताटात वाढते, पण आधी दोन घास त्याच्याशिवाय खा.

आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर असतो. उरलेला स्ट्यू किती टिकेल?

बाहेर ठेवलात तर अजिबात नाही. 5 ते 60 अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्या उन्हाळ्यात तर स्वयंपाकघरच चाळिशीला पोचलेलं असतं. एरवी शिजलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. 32 अंशांच्या वर तापमान असेल तर एका तासात. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं तर आतपर्यंत थंड व्हायला फार वेळ लागतो. पसरट, उथळ डब्यांत काढा, डबे थंड पाण्याच्या परातीत ठेवून गार करा, मग फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस चांगला राहतो. भारनियमनाने वीज बराच वेळ गेली असेल तर धोका पत्करू नका.

गोठवायचा असेल तर बटाटे काढून टाका, ते गोठून भुसभुशीत होतात. दोन-तीन महिने टिकतो.

दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, हे खरं आहे. थंड झालेला रस दह्यासारखा घट्ट बसलेला दिसला तर खराब झाला असं समजू नका, तेच ते जिलेटिन. वर जमलेली पांढरी चरबी चमच्याने सहज निघते. ज्यांना कमी तेलकट हवं त्यांनी ती काढावी. गरम करताना चांगली वाफ येईपर्यंत करा, आणि जेवढं हवं तेवढंच. पुन्हा पुन्हा गरम-थंड नको.

चुलीवर केला तर?

उत्तम होतो. अडचण एकच, आच सारखी ठेवण्याची. उकळी आली की लाकडं ओढून घ्या आणि निखाऱ्यांवरच शिजू द्या, दर अर्ध्या तासाने थोडे निखारे पुढे सारा. बाभळीचे निखारे बराच वेळ धरतात. कापसाच्या पराट्या चटकन पेटतात आणि चटकन विझतात. त्यांच्यावर परतण्याचं काम करा, शिजवण्याचं नको.

पंचवीस-तीस माणसांसाठी करायचा आहे. सगळं पाचपट करायचं का?

मांस, कांदा, मीठ पाचपट. खडा मसाला साडेतीन पट पुरतो, नाहीतर लवंग-दालचिनी डोक्यात जाते. पाणी चारपट घेऊन सुरू करा, मोठ्या पातेल्यात ते त्या मानाने कमी आटतं. पाच किलो मांस परतायला तासभर सहज जातो, दोन कढया असतील तर दोन्ही लावा. मांसाचं सगळं आदल्या दिवशी उरकलं तर कामाचा ताण जातो: शिजवा, उथळ भांड्यांत काढून गार करा, रात्री फ्रिजमध्ये. बटाटे-गाजरं मात्र त्याच दिवशी, वेगळ्या पातेल्यात थोड्या रसात शिजवून वाढण्याआधी मिसळा. मोठ्या पातेल्यात मांसाबरोबर घातली तर तळाची विरतात आणि वरची कच्ची राहतात.